अकरा शून्यांची गाठ

मागच्या हिवाळ्यात मी नागपूरला जाऊन आलो, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. येताना संत्री आणली होती, ती घरोघर वाटली. कशासाठी गेलो होतो ते मात्र कुणालाही सांगितलं नाही. ती गोष्ट मी तीसहून अधिक वर्षं टाळत आलो. पत्नीला सांगितली नाही, ती गेली. मुलांना सांगायची म्हणून दोनदा जेवणानंतर बसवून घेतलं आणि दोन्ही वेळा विषय घराच्या गळतीवर नेला. आता ऐंशी उलटली आहे. प्रवास कसा झाला हे लिहायला बसलो आहे, तर आधी तो का केला ते लिहितो.

मी पुण्यात गणिताचा शिक्षक होतो. शाळांसाठी पूरक वाचनाच्या छोट्या पुस्तिका काढणारी एक समिती होती (ती केव्हाच बंद झाली), तिच्यावर मी होतो. एकदा नागपूरच्या एका शिक्षिकेचा पाठ आला. शीर्षक ‘मोठ्या संख्यांची नावे’, लेखिका शकुंतला धकाते. मी पान उलटलं आणि मला दिसलं: खरब म्हणजे एकावर अकरा शून्यं. आता, आमच्या मराठीत खर्व म्हणजे एकावर दहा शून्यं. अकरा झाली की निखर्व. वर पत्ता नागपूरचा होताच. मी पुढे वाचलं नाही. स्वतंत्र कागदावर शेरा लिहिला: “‘खरब’ लिहिणाऱ्या लेखिकेची हिंदी-मराठी सरमिसळ झाली असून तिला खर्व-निखर्वातला फरकही कळत नाही. मराठीचे मूलभूत ज्ञान नसलेल्या व्यक्तींकडून पाठ मागवू नयेत.” शेऱ्याखाली सही करायची पद्धत नव्हती. त्याची एक प्रत लेखकाला आणि एक त्याच्या मुख्याध्यापकांना जात असे.

शेऱ्याच्या प्रती लगेच गेल्या. चार दिवसांनी पाठ परत पाठवायचा म्हणून हातात घेतला, तेव्हा तो वाचला. तक्ता दोन रकान्यांचा होता. डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी. मराठी खर्वासमोर दहा शून्यं होती, हिंदी खरबसमोर अकरा. खाली बाईंनी लिहिलं होतं की जवळजवळ एकच नाव दोन भाषांत वेगवेगळ्या संख्येला चिकटलं आहे, आणि दोन भाषांच्या मधोमध राहणाऱ्या मुलांनी दोन्ही लक्षात ठेवावीत. पाठात एकही चूक नव्हती. मी फक्त उजवा रकाना पाहिला होता.

शेरा मागे घ्यायचा तर पाठ न वाचता लिहिला हे कबूल करावं लागलं असतं. मी ते केलं नाही. त्याऐवजी बाईंना एक पत्र लिहिलं. खाली स्वच्छ सही केली. त्यात होतं: “आपला पाठ मला स्वतःला फार आवडला. समितीत मी शक्य तेवढा प्रयत्न केला, पण इतरांपुढे इलाज चालला नाही.”

मागच्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्यानं मोबाईलवर काही फोटो पाठवले. ‘सर, तुमचा विषय! नागपूरला एका आजींनी गल्लीभर दोरी बांधून मोठे आकडे टांगलेत.’ फोटोखाली नाव होतं: शकुंतला धकाते, हुडकेश्वर. मी तिकीट काढलं.

हुडकेश्वर

नागपूरच्या दक्षिणेला हुडकेश्वर वाढतं आहे. निम्मे प्लॉट बांधलेले, निम्म्यांवर गवत. ऑटोतून उतरलो, पिशवी काढली, एक पाऊल टाकलं आणि कशात तरी अडकून गुडघ्यावर आलो.

“अबब! अबबमध्ये अडकले न बापा तुम्ही!” समोरच्या फाटकातून एक उंच, काटकुळे गृहस्थ धावत आले.

मला वाटलं, त्यांना माझ्या पडण्याचं आश्चर्य वाटलं. त्यांनी मला उठवलं, धूळ झटकली आणि पायातली दोरी उचलून तिच्यावर बांधलेली पांढरी पट्टी दाखवली. तिच्यावर शाईनं लिहिलं होतं: अबब. पाली भाषेत एकावर सत्त्याहत्तर शून्यं. त्याच्या अलीकडे सात गाठींवर ‘अहह’ आणि पलीकडे सात गाठींवर ‘अटट’.

“नवा माणूस कोटीतच अडकते,” ते म्हणाले. “तुम्ही तर एकदम इथवर आले. मी रामटेके. टपाल खात्यात होतो. शकूबाईकडं आले न? या, या. वं शकूबाई, तुमचे पाहुणे अबबमध्ये पडले वं!”

दोरीची रचना सांगतो, कारण असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. धकातेबाईंच्या दाराच्या चौकटीपासून सुताची जाड दोरी निघते. दर वितीवर एक गाठ, एक गाठ म्हणजे एक शून्य. ज्या गाठीवर एखाद्या भाषेत नवं नाव सुरू होतं, तिथे त्या भाषेच्या रंगाची पट्टी. मराठी लाल, हिंदी पिवळी, इंग्रजी निळी, जपानी हिरवी, पाली पांढरी. तिसऱ्या गाठीवर हजाराच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी: लाल, पिवळी, निळी. मग फाटाफूट होते. निळी पट्टी तीन-तीन गाठींनी उड्या मारते. पिवळी दोन-दोन गाठींनी. हिरवी चार-चार गाठींनी, कारण जपानी लोक दहा हजाराला एक घर मानतात. कोटी ओलांडली की आपली लाल पट्टी मात्र प्रत्येक गाठीवर: अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. सतराव्या गाठीला लाल रंग संपतो. पांढरी पट्टी सात-सात गाठींनी चालत अंगण ओलांडते, फाटकातून बाहेर पडते, गल्ली पार करते आणि रामटेक्यांच्या जांबाच्या झाडाला जाऊन संपते. (तिकडे पेरूला जांब म्हणतात.) तिथे एकशेचाळिसावी गाठ आणि पट्टी, असंख्येय.

गल्लीत गाडी आली की जो कुणी बाहेर असेल तो दोरी जमिनीवर सोडतो आणि गाडी गेली की उचलून फाटकाच्या खिळ्याला अडकवतो. दूधवाला, पाणीपुरीची गाडी, शाळेची व्हॅन, सगळ्यांना सवय आहे. दरवर्षी शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या दिवसांत आठवडाभर ही दोरी लागते आणि तेवढे दिवस ती गल्ली बिनतक्रार वाकत-उठत असते. आमच्या सोसायटीत जिन्यात कुणी चप्पल ठेवली तरी नोटीस लागते.

धकातेबाई बाहेर आल्या. सत्तरीच्या जवळ, बुटक्या, करवतकाठी साडी. मी नाव सांगितलं. त्या तशाच आत गेल्या आणि एक प्लास्टिकचं पाकीट घेऊन आल्या. पाकिटात माझं पत्र होतं.

“हेच ते सर,” त्या रामटेक्यांना म्हणाल्या. “मी सांगत नव्हती? पुण्यात एकट्यानं माही बाजू घेतली होती, ते.”

रामटेक्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी म्हणालो, “पाणी मिळेल का?”

जेवायला पाटवडीचा रस्सा होता, आणि सांबारवडी. सांबारवडी म्हटल्यावर मी इडलीबरोबरचं सांबार डोळ्यांसमोर आणलं. निघाली कोथिंबीर, बेसनाच्या पातळ पारीत गच्च भरून तळलेली. रश्शाचा पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“तिखट झालं का सर?” बाई.

“नाही नाही.”

“पुण्याचे लोक असेच म्हणते आणि ताक मांगते,” रामटेके म्हणाले. ताक आलं. मी तीन वाट्या प्यायलो. डोळ्यांतल्या पाण्याचं कारण रस्साच होता असं सगळ्यांनी धरलं, ते मला सोयीचं पडलं.

विहारापर्यंत आणि परत

दुसऱ्या दिवशी सकाळी रामटेके मला तर्रीपोहे खायला घेऊन गेले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पेरतात, आणि इतकी वर्षं मी तेच पोहे समजत होतो. तिथून चालत विहारात गेलो. रामटेक्यांचे आईवडील छप्पन्न साली धम्मात आले. हे स्वतः टपाल खात्यात पाकिटं लावता लावता पाली शिकले.

“नोकरीत काय काम? पत्ते वाचणे,” ते म्हणाले. “मग मले वाटलं, आकड्याचाही पत्ता असते. अठ्ठ्याण्णव शून्य, उप्पल. एकशे पाच, कुमुद. एकशे बारा, पुंडरीक. एकशे एकोणीस, पदुम. पाहा सर, तिथं गेल्यावर सगळी कमळंच आहेत. एवढा मोठा आकडा झाला की त्याले फुलाशिवाय काय म्हणन माणूस?”

काही वर्षांपूर्वी या विहारात एक जपानी भिक्खू येऊन राहिले होते. हिरव्या पट्ट्या त्यांच्याकडून आल्या. त्यांच्या भाषेत बावन्न शून्यांच्या संख्येचं नाव आहे गंगेची वाळू. आणि आपलं असंख्येय तिकडे पोचलं ते छप्पन्नाव्या गाठीवर जाऊन बसलं, जांबाच्या झाडापासून चौऱ्याऐंशी गाठी अलीकडे. शब्द तोच, मुक्काम वेगळा. “त्याईचंही बरोबर, आपलंही बरोबर,” रामटेके म्हणाले. “भांडण काहून करायचं?” हे वाक्य मी तीस वर्षांपूर्वी एका पाठात वाचलं होतं, जरा वेगळ्या शब्दांत.

परत येताना मी ठरवलं की दुपारीच सांगून टाकायचं. वाक्यसुद्धा तयार केलं. रस्ताभर ते मनात घोळवत होतो, आणि रामटेके मला कुठला पूल नवा आणि कुठला त्याहून नवा ते दाखवत होते.

दुपारी बाई अंगणात उन्हात बसून विटलेल्या पट्ट्या बदलत होत्या. मी शेजारी बसलो. त्यांनी कात्री माझ्याकडे दिली. पिवळ्या पट्ट्यांचं काम चाललं होतं. ऑटोवाले, किराणावाले, वीटभट्टीवर आलेले बालाघाटकडचे मजूर, अशा लोकांना विचारून विचारून त्यांनी हिंदी नावं पुन्हा पडताळली होती. पुस्तकात आहे म्हणून लिहिलं, असं एकही नाव त्या दोरीवर नव्हतं. प्रत्येक पट्टीच्या मागे, ज्यानं सांगितलं त्याचं नाव आणि गाव.

अकराव्या गाठीशी त्या थांबल्या. तिच्यावर दोन पट्ट्या होत्या. लाल निखर्व, पिवळी खरब.

“ही गाठ माही,” त्या म्हणाल्या.

मी पुढची पिवळी पट्टी कापली.

“तो शेरा हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. मग काय, खरबबाई. शिक्षक म्हणे, मग पोरं म्हणे. रिटायर होईपर्यंत. निरोपाच्या भाषणातही एकजण म्हणाला, आमच्या खरबबाई. प्रेमानं म्हणाला, पण म्हणाला.” त्या हसल्या. “त्याचं काही नाही सर. माह्या बापाचं वाईट वाटते.”

त्यांचे वडील उमरेडला हातमागावर विणत. लिहिणं-वाचणं बेताचं, पण ताण्याचे हजारो धागे हातानं मोजत आणि एक धागा चुकत नसत. मुलीचं नाव छापलेल्या पुस्तकात येणार म्हणून त्यांनी वाडीभर सांगितलं होतं.

“शेरा आला तं मी त्याईले सांगतलं, पाठ नाही छापत म्हणे. त्याईनं माग थांबवला. म्हणे, शकू, चुकली का वं तू? मी म्हटलं, नाही बा. त्याईनं मान हालवली अन् पुन्हा विणाले लागले. पुन्हा कधी इचारलं नाही. पण विणकऱ्याच्या घरी सर, चूक म्हणजे काय, माहीत आहे न? एक धागा चुकला की तो कापडात राह्यते. उसवता येत नाही. पुढच्या साली गेले. त्याईनं माह्यं ऐकलं का नाही, मले अजून समजलं नाही.”

त्यांनी पिवळी पट्टी गाठीला बांधली, टोकं ओढून घट्ट केली. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, मीठ मागावं तसं विचारलं:

“सर, तुम्ही तं समितीत होते. तो शेरा कोणी लिहिला होता?”

माझ्या हातात कात्री होती. वाक्य तयार होतं. समोर ऊन होतं, दोरी होती, दोघांशिवाय अंगणात कुणी नव्हतं. याहून चांगली वेळ मला कुणी आणून दिली नसती.

“फार वर्षं झाली,” मी म्हणालो. “आता आठवत नाही.”

“हाव,” त्या म्हणाल्या. “एवढं कोणाच्या लक्षात राह्यते?”

कुही

तिसऱ्या दिवशी दोरी गुंडाळून, मोठ्या परातीत ठेवून, ऑटोनं कुही गावच्या शाळेत नेली. बाईंची निम्मी नोकरी त्या भागात झाली. धान कापून झालेलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, ढीग. ऑटोवाला वाटेत मागे वळून म्हणाला, “माताजी, नील के बाद पद्म ना? कल बच्चे को बताया तो बोला, पापा गप मारते हो.”

“तेरे बच्चे को भेज मेरे पास,” बाई म्हणाल्या.

शाळेच्या मैदानात मुलांनी दोरी धरली. एका गाठीला एक मूल. एकशेचाळीस मुलं हवीत, ती भरेनात, म्हणून स्वयंपाकाच्या बायका, शिपाई आणि दोन पालकही उभे राहिले. बाई एका टोकापासून चालत निघाल्या. “हजार!” म्हटलं की तिसरं मूल खाली बसायचं. “मिलियन!” सहावं. “अब्ज, अरब, बिलियन!” नववं मूल बसलं, उठलं, बसलं, उठलं, बसलं, आणि मैदान हसलं. शेवटी असंख्येय धरून उभ्या असलेल्या स्वयंपाकीणबाईंनी पदर खोचून अशी काही आरोळी दिली की झाडावरचे बगळे उडाले. मी चाळीस वर्षं दशमान पद्धत शिकवली. फळ्यावर शून्यं काढली, पुसली. माझ्या एकाही विद्यार्थ्याला शून्य हातात धरायला मिळालं नाही.

मग मुख्याध्यापकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मला वाटलं, हीच वेळ. काल जे अंगणात जमलं नाही ते दीडदोनशे माणसांसमोर तरी जमेल, कारण तिथून पळता येणार नाही.

मी म्हणालो, “तीस वर्षांपूर्वी धकातेबाईंनी या विषयावर एक पाठ लिहिला होता. तो चुकीचा ठरवला गेला. मी तो वाचलेला आहे. त्यात एकही चूक नव्हती. तो संपूर्ण बरोबर होता. शेरा चुकीचा होता.”

पुढचं वाक्य ‘आणि तो मी लिहिला होता’ असं होतं. पण एवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. शिक्षक उभे राहिले. मी टाळ्या थांबायची वाट पाहिली, हे खरं. पण थांबल्यावरही बोललो नाही, हेही खरं. बाईंनी पदरानं डोळे पुसले, माइक घेतला आणि म्हणाल्या, “सरांनी आज पुन्हा माही बाजू घेतली.”

मी खाली बसलो.

त्याच संध्याकाळी स्टेशनवर दोघं सोडायला आले. रामटेक्यांनी संत्र्यांची पिशवी आणि जांबाच्या झाडाची चार फळं दिली, बाईंनी सांबारवडीचा डबा. गाडीला वेळ होता. मी म्हणालो, “बाई, त्या शेऱ्याबद्दल मला जरा...”

“राहू द्या न सर,” त्या म्हणाल्या. “काल तुम्ही म्हणाले आठवत नाही, तं मले पहिले वाईट वाटलं. मग वाटलं, बरं झालं. नाव समजलं असतं तर त्या माणसाचा राग करत बसली असती मी. आता नाव नाही तं रागही नाही. कोणावर करणार?”

“आमच्या बाई हुशार आहेत,” रामटेके म्हणाले. “उपदेशही फुकटात देते.”

गाडी आली. मी चढलो, खिडकीशी बसलो, हात हलवला. गाडी सुटल्यावर मी स्वतःला समजावलं की सांगितलं असतं तर त्यांची शांतता गेली असती, न सांगणं हाच चांगुलपणा. वर्धा येईपर्यंत मला ते पटलं होतं. पुण्यात उतरलो तेव्हा पटलेलं नव्हतं. त्यांना राग करायचा की नाही हे ठरवायचा हक्क त्यांचा होता, आणि तो मी दुसऱ्यांदा काढून घेतला.

आल्यापासून चार पत्रं लिहिली. चारही फाडली, कारण पत्र फक्त त्यांनाच मिळालं असतं. शेरा स्टाफरूममध्ये वाचला गेला होता. म्हणून हे सगळ्यांनी वाचावं असं लिहिलं आहे. छापून आलं की अंकाची पहिली प्रत हुडकेश्वरला पाठवीन. त्या अंगणात, कात्री हातात असताना, जे म्हणायला हवं होतं ते असं:

धकातेबाई, तो शेरा मी लिहिला. तुमचा पाठ न वाचता लिहिला, आणि वाचल्यावर, चूक माझी आहे हे कळल्यावर, तुम्हाला ते पत्र पाठवलं. मी तुमची बाजू कधीच घेतली नव्हती. तुमच्या वडिलांना खरं उत्तर मी देऊ शकलो असतो आणि मी दिलं नाही. आणि तुम्ही मला विचारलंत, तेव्हा मला आठवत होतं. सगळं आठवत होतं. मला क्षमा करा.